शहाजोग कोण?

२०२४च्या श्रावणातली गोष्ट. गणपती आठवड्यावर आले होते. दुपारच्या वेळी गिरगावातल्या आमच्या खोलीत मी जुन्या वह्या आणि कात्रणे चाळत बसलो होतो. फोनवर एका जुन्या सहकाऱ्याच्या खात्यावरून निरोप आला : "सर, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या नंबरवर गेलाय. जरा पाठवता का?" कोड खरोखरच आला होता. तो कोणालाही सांगू नये, असे त्याच एसएमएसमध्ये लिहिलेलेही होते. मी ते वाचले आणि कोड पाठवून दिला. दोन-तीन मिनिटांत माझे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले. तो कोड माझ्याच खात्याची किल्ली होता आणि सहकाऱ्याचे खाते त्या सकाळीच चोराच्या हाती गेले होते, हे मला संध्याकाळी कळले.

दुसऱ्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याने माझा नंबर पुन्हा नोंदवून चोराला बाहेर काढले. पण चोराने मधल्या वेळात खात्याला स्वतःचा पिन लावून ठेवला होता. त्यामुळे मलाही सात दिवस आत जाता आले नाही. माझ्या नावाने त्याने कोणाकोणाला काय लिहिले, हे पाहण्याची सोय नव्हती. मी पत्नीच्या फोनवरून नातेवाइकांना, शाळेतल्या सहकाऱ्यांना, सोसायटीच्या मंडळींना कळवले. एकदोघांना पैशांची मागणी गेली होती, पण त्यांनी फोन करून खात्री केली होती. मी सुटकेचा श्वास सोडला.

दरवर्षी गणपतीत मी लालबागला एका स्नेह्याकडे जातो. परळच्या रात्रशाळेत मी नवखा शिक्षक होतो, तेव्हा तो गिरणीच्या साचेखात्यातून पाळी संपवून वर्गात येऊन बसायचा. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान, पण अजून मला 'सर'च म्हणतो. आरती झाली, प्रसाद झाला आणि मला निरोप द्यायला जिन्यापर्यंत आल्यावर त्याने हळूच, घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, "तुमचं काम झालं ना सर?"

त्याने अठरा हजार रुपये पाठवले होते. निरोप माझ्या नावाचा, माझ्या फोटोचा. पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर जात होते. त्याने तसे विचारलेही होते. "माझं खातं अडकलंय, हा भाच्याचा नंबर आहे," असे उत्तर आले. "मग फोन का नाही केलास?" मी विचारले. तो म्हणाला, "सर कधी मागत नाहीत. मागतायत म्हणजे अडचण मोठी असणार. फोन करून तुम्हाला कशाला लाजवायचं?"

कळवायच्या माणसांच्या माझ्या यादीत तो नव्हता. तो कुठल्याच ग्रुपमध्ये नसतो, म्हणून माझ्या लक्षातच आला नव्हता. आम्ही १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली ती नवव्या दिवशी. पैसे तोवर पुढे गेलेले होते. त्याच्या बँकेत गेलो, तर टेबलापलीकडून सरळ उत्तर आले : "तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?"

हे वाक्य खरे होते, तरी मला ते पुरे वाटले नाही. चूक माझी, त्याची, की आणखी कोणाची? शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यापासून मुंबईच्या जुन्या व्यापारी व्यवहारांचे वाचन करणे हा माझा छंद आहे. तेव्हा हा प्रश्न मी माझ्या सवयीप्रमाणे जुन्या कागदांना विचारला.

हुंडीवरचे पहारे

गिरगावातून काळबादेवीमार्गे मुंबादेवीकडे चालत गेले, तर पंधरा-वीस मिनिटांत आपण जुन्या मुंबईच्या सराफी पेढ्यांच्या मुलखात पोचतो. तिथला पैसा हुंडीवर चालत असे. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी : अमुक रक्कम अमक्याला द्यावी. रोकड बरोबर घेऊन चोरांच्या वाटेने जाण्याची गरज उरत नसे. पण मग चिठ्ठीच चोरली, खोटी केली किंवा तिच्यातला आकडा बदलला, तर?

त्यावर व्यापाऱ्यांनी बसवलेले पहारे पाहण्यासारखे आहेत. रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरात आणि त्यानंतर 'निमे' लावून लिहीत. हजार रुपयांची हुंडी असेल, तर 'निमे पाचशे, त्याची दुप्पट' असेही त्यात असे. शंभराचे हजार करणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. शिवाय हुंडी लिहिणारा ती ज्याच्यावर लिहिली त्याला सूचनेचे पत्र वेगळे धाडत असे. आज आपण एका कुलपाला दोन किल्ल्या लावतो, त्यातलाच हा प्रकार.

सगळ्यात महत्त्वाचा पहारा हुंडीच्या जातीतच होता. धनीजोग हुंडी धन्याला, म्हणजे ती बाळगणाऱ्याला देय असे. नामजोग हुंडी नाव लिहिलेल्या माणसालाच मिळे. आणि शहाजोग हुंडीचे पैसे फक्त 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या व्यापाऱ्यालाच देत. अनोळखी माणूस शहाजोग हुंडी घेऊन पेढीवर आला, तर त्याला परत पाठवत : ज्याला आम्ही ओळखतो, अशा कोणाच्या तरी हातून ये. पैसे देणाऱ्या पेढीने समोरचा माणूस शहा आहे का, याची चौकशी करायची, हे तिचे कर्तव्य. तेवढे करून पैसे दिले आणि हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली, तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर. त्याने ज्याच्याकडून हुंडी घेतली, त्याला शोधणे हे मग त्याचे काम. शहाला आपल्या पतीचा मान मिळत असे, तसा तिचा भारही उचलावा लागे.

इंग्रजी अमदानीत १८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट आला. त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना धक्का लावलेला नाही, म्हणून हुंडीचे हे नियम कायद्याच्या सावलीत टिकून राहिले. त्याच कायद्याच्या १३१व्या कलमात बँकेच्या चेकबाबत हाच विचार वेगळ्या शब्दांत येतो. गिऱ्हाइकासाठी चेक वसूल करणाऱ्या बँकेला कायद्याचे संरक्षण मिळते, ते तिने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल तरच. नीट चौकशी न करता चोराचे खाते उघडले आणि त्यात चोरीचा चेक जमा झाला, तर बँकेला हात वर करता येत नाहीत.

माझ्या पिढीने याची घरगुती आवृत्ती पाहिली आहे. बँकेत खाते उघडायचे तर अर्जावर आधीच्या एका खातेदाराची ओळखीची सही लागे. चाळीतले कोणीतरी बरोबर येई, सही करी आणि वर दटावी, "माझी सही आहे, ध्यानात ठेव." पुढे केवायसीची कागदपत्रे आली आणि ओळख देणारा माणूस गेला. त्याने पुष्कळ सोय झाली. ज्याचे शहरात कोणी नाही त्यालाही खाते मिळू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. पण ओळख देणाऱ्याबरोबर ते दटावणेही गेले. आज शे-दोनशे किलोमीटरवरच्या एखाद्या बेकार मुलाच्या नावाने उघडलेले खाते चार-पाच हजारांना भाड्याने घेता येते. माझ्या मित्राचे पैसे अशाच कोणाच्या तरी खात्यात गेले असणार.

मनिऑर्डरची पोच

लालबाग-परळच्या गिरणी कामगाराचा हुंडीशी संबंध नव्हता. त्याचा कागद म्हणजे मनिऑर्डर. टपाल खात्याने ही सेवा १८८०मध्ये हाती घेतली आणि गिरणगावातून कोकणात, घाटावर जाणारा पैसा त्या फॉर्मावर चालू लागला. लिहिता न येणारे फोर्टच्या जनरल पोस्ट ऑफिसबाहेर ताडपत्रीखाली बसणाऱ्या पत्रलेखकांकडे जात. घरात कोणाचे दुखणे आहे, कोणाचे लग्न ठरले आहे, कोणावर किती कर्ज आहे, हे सगळे त्या लेखकाला ठाऊक असे. आजच्या भाषेत बोलायचे, तर कामगाराची सगळी गुपिते तिऱ्हाइताच्या हाती होती.

तरी व्यवहार चालत असे, कारण पैसे पोचवणारा पोस्टमन गावात घेणाऱ्याला चेहऱ्याने ओळखत असे. अंगठा उठवताना साक्षीदार लागे. आणि सही-अंगठ्याची पोच मुंबईला परत येई. रात्रशाळेत माझ्या वर्गातल्या कित्येकांना अक्षरे शिकायची होती, ती मनिऑर्डरचा फॉर्म स्वतः भरता यावा म्हणून. माझा हा मित्र पोचेची चिटोरी तारखेप्रमाणे दोऱ्यात ओवून ठेवायचा. एकदा पोच पंधरा दिवस आली नाही, तेव्हा तो सुट्टी टाकून गावी जाऊन आला होता. हाच माणूस पुढे अठरा हजार रुपये पाठवून नऊ दिवस गप्प बसला. त्याचा सावधपणा संपला नव्हता. पैसे कोणाला पोचले हे विचारण्यापेक्षा सरांची लाज राखणे त्याला मोठे वाटले होते.

ऑपेरा हाउसचा छापा

फोन नसतानाही ही विद्या होती, आणि तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग आमच्या गिरगावच्या वेशीवरच झाला. मार्च १९८७मध्ये एका इंग्रजी दैनिकात जाहिरात आली : गुप्तचर आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या पदासाठी पदवीधर हवेत. मुलाखती ताजमहाल हॉटेलात. निवडलेल्या पंचवीसेक तरुणांना १९ मार्चला बसमध्ये घालून ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी या पेढीवर नेण्यात आले. त्यांच्या म्होरक्याने आपण सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगितले, झडतीचे वॉरंट दाखवले, कोणी फोन करायचा नाही असे बजावले आणि दागिन्यांचे 'नमुने' पिशव्यांत भरून त्यांवर मोहरा मारल्या. मग पिशव्या घेऊन तो निघून गेला. तीस-पस्तीस लाखांचा माल गेला. तो म्होरक्या कधीच सापडला नाही. २०१३च्या एका हिंदी चित्रपटामुळे ही घटना नव्या पिढीलाही माहीत झाली.

या हकिकतीत लोक म्होरक्याच्या हुशारीकडे पाहतात. माझे लक्ष आता त्या पंचवीस तरुणांकडे जाते. ते खरे पदवीधर होते, नोकरीच्या खऱ्या आशेने आले होते आणि आपण खोट्या छाप्यात आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. पेढीतल्या लोकांचा विश्वास बसला तो त्यांच्या प्रामाणिक चेहऱ्यांमुळे. चोराने दागिन्यांच्या आधी त्यांचा खरेपणा पळवला होता. कोणतेही कुलूप न फोडता त्याने विश्वासाची एक साखळीच भाड्याने घेतली. १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत या विद्येला 'फिशिंग' हे नाव पडले, तेव्हा त्यात नवे होते ते फक्त गळ टाकण्याचे पाणी.

त्या श्रावणात मीही त्या बसमध्ये बसलो होतो. चोराने माझ्याकडून एक पैही नेली नाही. पंचेचाळीस वर्षांत मिळवलेले 'सर' हे संबोधन तेवढे नेले आणि त्यावर अठरा हजार रुपये उचलले. म्हणून फोनचे खाते सांभाळणे हा माझा खाजगी मामला आहे, असे मला आता म्हणता येत नाही. त्या खात्यात माझ्या पैशापेक्षा इतरांचा माझ्यावरचा विश्वास जास्त साठलेला असतो.

वाटणी

दोष कसा वाटायचा, यावर आपल्याकडे कायद्याने काही विचार केला आहे. त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. पुण्यातल्या एका उद्योजकाने फिशिंगच्या ईमेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या त्याच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा तक्रारींचा निवाडा राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव करतात. फेब्रुवारी २०१३मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. उरलेला भार तक्रारदारावर, कारण ईमेलला उत्तर देण्याची चूक त्याची. पण बँकेचीही चूक, कारण ज्या खात्यांत पैसे गेले ती फसवणुकीसाठी उघडलेली खाती होती आणि त्यांच्यावर योग्य तपासणीचा पहारा नव्हता. निकालाची भाषा आजची, न्याय शहाजोगचा : देणाऱ्याने किल्ली दिली हे खरे, पण घेणाऱ्याला बाजारात कोणी आणले?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात नियम बांधले. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकाने काही सोसायचे नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर भार नाही; चार ते सात दिवसांत कळवले तर भार मर्यादित. ग्राहकाने स्वतःच पिन-पासवर्ड सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच. जून २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच आधारावर एका कंपनीच्या खात्यातून गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका ग्राहकाचे ९४ हजार रुपये परत करण्याच्या आदेशाविरुद्धचे बँकेचे अपील फेटाळले.

पण हे सगळे 'अनधिकृत' व्यवहारांचे. माझ्या मित्राने पैसे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पिनने पाठवले होते. त्याला ही छत्री पुरत नाही. आपली आजची सगळी यंत्रणा देणाऱ्याला दहा वेळा विचारते : तूच आहेस ना? पिन सांग, ओटीपी दे, बोट टेकव. घेणाऱ्याला मात्र खाते उघडताना एकदा विचारले की संपले. जुन्या पेढीवर नेमके उलटे होते.

तिकडे वारे थोडे फिरू लागले आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४पासून अशा फसवणुकीत, ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले असले तरी, ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई द्यावी लागते, आणि तिचा निम्मा वाटा पैसे स्वीकारणाऱ्या बँकेने उचलायचा असतो. ग्राहकाचा ढोबळ निष्काळजीपणा असेल, तर मात्र भरपाई नाकारता येते. हा नियम वाचताना मला मुंबादेवीची पेढीच आठवली. आपल्याकडेही आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव दिसावे, अशी सोय १ एप्रिल २०२५पर्यंत करण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले. पण नाव दिसणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. माझ्या मित्राला नाव दिसलेच होते.

निमे नऊ हजार

हे सगळे वाचून मी लालबागला गेलो आणि अठरा हजारांचे पाकीट त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते मागे सारले. म्हणाला, "सर, चोराने मला फसवलं. तुम्ही कशाला भरताय?" मी त्याला सांगितले की कोड मी दिला, शिवाय तुला कळवायचेही विसरलो. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मग मीही फोन केला नाही, ही माझी." शेवटी त्याने नऊ हजार घेतले. हुंडीच्या भाषेत निमे. राहिलेल्या निम्म्याचा खरा धनी ते भाड्याचे खाते उघडून देणाराही आहे, पण त्याच्यापर्यंत आम्हा दोघांचा हात पोचत नाही. आमची तक्रार अजून नोंदीत आहे.

त्या दिवशी आम्ही आणखी दोन कामे केली. दोघांच्याही फोनवर दुसरा पिन लावला. हे दोन मिनिटांचे काम मी इतकी वर्षे टाळले होते. आणि मी एक वही केली. माझ्या नावावर कोण कोण विश्वास टाकेल, अशा माणसांचे नंबर तिच्यात शाईने लिहिले. पुन्हा कधी माझे खाते गेले, तर त्याच दिवशी पत्नीच्या फोनवरून या सगळ्यांना एकेक करून फोन लावायचा. ग्रुपमध्ये नसलेल्यांना आधी. वहीत पहिला नंबर लालबागचा आहे.

आमच्यात एक करारही झाला. पैशांची गोष्ट लेखी आली, तर आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही. समोरचा लाजला तर लाजू दे. पूर्वी शहालाही पेढीवर कोण, कुठला हे विचारत, आणि त्यात त्याला अपमान वाटत नसे. यंदा गणपतीच्या वर्गणीचे मी त्याला लिहून विचारले, तेव्हा पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "सर, परळच्या वर्गात मी कुठल्या बाकावर बसायचो?"

"शेवटच्या. दाराजवळ. पाळी चुकू नये म्हणून."

"मग पाठवतो," तो म्हणाला.